ओट्स, जव आणि कोलेस्टेरॉल
ओट्स शिजताना पातेल्यात जो बुळबुळीतपणा सुटतो, तोच खरा कामाचा. तो बीटा-ग्लुकन या पाण्यात विरघळणाऱ्या तंतूचा असतो. चरबी पचवण्यासाठी यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. एरवी त्यांतली बहुतेक आतड्यातून परत शोषली जातात. बीटा-ग्लुकनच्या दाट लगद्यात मात्र ती अडकतात आणि शौचावाटे निघून जातात. ही तूट भरून काढायला यकृत रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घेते.

रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स, नियमित पोटात गेले तर एलडीएल ५ ते ७ टक्के उतरू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्सच्या पाकिटावर हृदयरोगाचा धोका कमी होऊ शकतो, असा दावा छापायला १९९७ मध्ये परवानगी दिली. जवाला ती नंतर मिळाली. आपल्याकडे इतका जुना असलेला जव बहुतेक घरांत होमहवनापुरता उरला आहे, हे खरोखर खटकते. त्याचा बीटा-ग्लुकन दाण्याच्या गाभ्यापर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे पॉलिश केल्यावरही बराच टिकतो.

गव्हाचा कोंडा बद्धकोष्ठावर उत्तम, पण तो विरघळत नाही. कोलेस्टेरॉलवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी चालू असेल, तर ओट्स तिच्या जोडीला खावेत, तिच्याऐवजी नव्हे.