लस टोचलेल्या कोकरांची निगा
पावसाळा सरल्यावर घाट उतरून कोकणात येणाऱ्या धनगरांचा एखादा वाडा (कळपांसह फिरणारा तांडा) आंबिवलीजवळ काळू नदीकाठच्या कापलेल्या भातखाचरांत विसावला असता, वाघरीतल्या (जाळीच्या कुंपणातल्या) कोकरांना आंत्रविषार अथवा पीपीआर या रोगाची लस नुकतीच टोचलेली असेल, तर पुढील दोन दिवस त्यांची निगा विशेष दक्षतेने राखणे जरूर असते. पहिला अर्धा तास कळपाजवळच थांबावे; क्वचित एखाद्याचे तोंड सुजते, श्वास लागतो, आणि तेव्हा पशुवैद्यास बोलावण्यात क्षणाचीही हयगय होता कामा नये. एरवी सायंकाळी कान पाडून, आईच्या कासेला न झोंबता कोपऱ्यात उभे असलेले कोकरू पाहून जीव कळवळतो खरा. परंतु ही मरगळ, किंचित ज्वर आणि टोचल्या जागी बोटांना लागणारी लहानशी गाठ ही बहुधा शरीरात प्रतिकारशक्ती सिद्ध होत असल्याचीच लक्षणे होत. गाठ चोळू नये, दाबू नये. सावली, स्वच्छ पाणी आणि आईचे दूध एवढी तजवीज पुरते. लांबची मजल मात्र टाळावी, आणि ज्वर दोन दिवसांत न उतरल्यास पशुवैद्यास दाखवावे. रोगापासून संरक्षण येण्यास सुमारे 2 ते 3 आठवडे लागतात, म्हणून तोवर कोकरे परक्या कळपात मिसळू देऊ नयेत. आंत्रविषाराची लस प्रथमच घेतलेल्यांना पशुवैद्याने नेमून दिलेल्या तारखेस दुसरी मात्रा द्यावीच लागते.