सोफ्यावर बसून ‘गाडी’ का लागते?

गेल्या दिवाळीत मामांच्या घरी घडलेली गोष्ट. हॉलमध्ये भला मोठा टीव्ही, त्याला प्लेस्टेशन जोडलेलं, आणि मामांचा नातू ‘स्टार वॉर्स: स्क्वाड्रन्स’ खेळत होता. 2020 साली आलेला हा अंतराळयुद्धाचा गेम. यात तुम्ही लढाऊ यानाच्या कॉकपिटमध्ये बसता आणि उडताना सगळं काही वैमानिकाच्याच नजरेतून दिसतं. नातू गिरक्या घेत होता, मामा मागे सोफ्यावर बसून कौतुकाने बघत होते. पंधरा मिनिटांनी मामा गपचूप उठून गॅलरीत गेले. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. सगळे म्हणाले, फराळ जास्त झाला.

मामांनी मला हळूच बाजूला घेतलं. “अगं, तीस वर्षं एसटी चालवली. कुंभार्ली घाटात दिवसाला दोन-दोन फेऱ्या. मागे लोक पिशव्या भरायचे, मला कधी काही झालं नाही. आता घरात बसून गरगरतंय. डोक्यात काही बिघडलं का गं?” त्यांच्या थोरल्या भावाला अर्धांगवायू झाला होता. त्यामुळे हा प्रश्न गमतीचा नव्हता.

योगायोगाने माझी पीएचडी याच विषयावर चालू आहे. तेव्हा मामांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यात द्रव असतो. डोकं वळलं की नलिका लगेच वळते, द्रव मात्र जरा मागे राहतो. या फरकावरून मेंदूला कळतं की आपण वळतोय. पण एकाच वेगाने फिरत राहिलात, तर थोड्याच वेळात द्रवही नलिकेइतक्याच वेगाने फिरू लागतो आणि संदेश थांबतो. म्हणजे कानाला गती कळत नाही, गतीतला *बदल* कळतो. बाकीचं काम डोळ्यांवर.

म्हणूनच डोळ्यांना फसवणं सोपं. स्टेशनवर शेजारची गाडी सुटते आणि वाटतं आपलीच सुटली. अनुभव आहे ना? या भासाला ‘व्हेक्शन’ म्हणतात. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने 1875 साली गतीच्या संवेदनेवर लिहिलेल्या पुस्तकात अशा भासांचा विचार केला आहे. अंतराळाचा गेम म्हणजे व्हेक्शनची खाणच! पडदाभर तारे आणि दगड अंगावर येतात, आणि ‘खाली’ कुठे आहे हे सांगणारी जमीनच नाही.

मग त्रास नेमका कधी होतो? यान सरळ एका वेगाने जात असेल तर डोळे म्हणतात “चाललोय”, कान गप्प. भांडण नाही, कारण खऱ्या आयुष्यातही अशा वेळी कान गप्पच असतो. पण लढाईत दर दोन सेकंदाला वळण, ब्रेक, कोलांटी. इथे कानाने ओरडायला हवं आणि तो तर सोफ्यावर स्थिर! डोळे आणि कान यांच्या या विसंगतीतून मळमळ सुरू होते, हे रीझन आणि ब्रँड यांनी 1975 मध्ये मांडलं. आजही सर्वांत जास्त वापरलं जाणारं स्पष्टीकरण हेच.

पण उलटीच का? 1977 मध्ये ट्रीसमन यांनी एक तर्क मांडला: विषारी काही खाल्लं की डोळे-कानांचा मेळ बिघडतो, म्हणून मेंदू असा बिघाड म्हणजे विषबाधा समजतो आणि पोट रिकामं करायला लावतो. तर्क आकर्षक आहे, सर्वमान्य नाही. स्टॉफ्रेगन यांच्यासारखे संशोधक तर विसंगतीचा सिद्धान्तच मानत नाहीत. त्यांच्या मते शरीराचा तोल सांभाळण्यातली अस्थिरता आधी येते, मळमळ नंतर.

आता मामांचा खरा प्रश्न. घाटात कधी न लागणाऱ्या माणसाला इथे का लागावं?

पहिलं कारण, मामा बसमध्ये चालक होते, सोफ्यावर ते प्रवासी झाले. स्टिअरिंग हातात असलं की वळण येण्याआधीच मेंदूला त्याची खबर असते. 2011 मध्ये स्टॉफ्रेगन यांच्याच गटाने एक सुंदर प्रयोग केला. एकाने गाडीचा व्हिडिओ गेम खेळायचा, आणि तोच खेळ रेकॉर्ड करून दुसऱ्याने नुसता बघायचा. दोघांना दिसलं अगदी सारखंच, तरी बघणाऱ्यांना त्रास जास्त झाला. नातू मजेत आणि आजोबा गॅलरीत, यामागे हेच.

दुसरं कारण आणखी गमतीचं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर शिकणाऱ्या नवख्यांपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांनाच जास्त मळमळ झाली. कारण खरं वळण अंगाला कसं जाणवतं हे त्यांच्या मेंदूला पाठ होतं. तीस वर्षं घाट चालवलेल्या माणसाचंही तसंच असू शकेल.

आणि ज्यांना कधीच लागत नाही असे कोण? ज्यांच्या दोन्ही कानांतली तोलाची यंत्रणा निकामी आहे, त्यांना 1960 च्या दशकात वादळी समुद्रावर नेलं, तरी बोट लागली नाही. म्हणजे मळमळ हा यंत्रणा चालू असल्याचा पुरावा आहे. घाटात पिशवी धरून बसलेल्या आणि ‘नाजूक’ म्हणून हिणवल्या गेलेल्या माझ्यासारख्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं!

मग उपाय काय? खोलीतला दिवा चालू ठेवा आणि टीव्हीपासून लांब बसा, म्हणजे पडद्याभोवतीची स्थिर भिंत दिसत राहते. कॉकपिटची चौकटही अशीच आधार देते, नजर अधूनमधून तिच्यावर आणा. जांभया, घाम, तोंडात पाणी ही पहिली लक्षणं. तेव्हाच थांबा, जिद्दीने पुढे खेळू नका. रोज थोडं थोडं खेळल्याने बहुतेकांना सवय होते. आणि शक्य असेल तर कंट्रोलर स्वतःच्या हातात घ्या. एक मात्र नक्की: पडदा बंद केल्यावरही गरगरणं चालूच राहिलं, किंवा पडद्याशिवायच होऊ लागलं, तर लेख वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

मामांनी ऐकलं, विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी नातवाला म्हणाले, “आण रे ते इकडे.” अर्ध्या तासात त्यांनी चार वेळा यान आपटलं. लिंबू मात्र लागलं नाही. एका मामावरून काही सिद्ध होत नाही, हे माझे गाइड मला लगेच सुनावतील. पण थोरल्या भावाची आठवण काढून रात्रभर घाबरलेला माणूस त्या दिवशी नातवाच्या शेजारी बसून “डावीकडून ये, डावीकडून!” म्हणून ओरडत होता. मला तेवढं पुरलं.