दिनमान पाहून पेरा

(परसबागेचं शास्त्र : लेखांक ७)

मागच्या लेखात गोठलेल्या मातीत मुळं काय करतात ते पाहिलं. आज जमिनीच्या वरची बाजू. टोरोंटो असो, मिनेसोटा असो की लेह, घरामागे भाजी लावायची म्हटली की पहिला प्रश्न हमखास पाऱ्याचा येतो : थंडी उणे किती? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न दिनमानाचा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात दिवस अकरा तासांचा असतो, लेहमध्ये दहाला थोडा कमी, टोरोंटोत नऊलाही थोडा कमी आणि लंडनमध्ये आठसुद्धा भरत नाहीत. शिवाय भर दुपारी टोरोंटोचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम तेवीस अंश वर चढतो, पुण्याचा अठ्ठेचाळीस. तिरपं ऊन जास्त जमिनीवर पसरतं, त्यामुळे तिथल्या वाफ्याच्या वाट्याला दुपारीही पुण्याच्या जवळपास निम्मंच ऊन येतं. ढग वेगळेच. रोपाचं अन्न उजेडातून तयार होतं. वाफ्याला कितीही पांघरुणं घातली तरी ही तूट भरून निघत नाही, उलट प्रत्येक पांघरूण थोडा उजेड खातंच.

अमेरिकेच्या मेन राज्यातले एलियट कोलमन यांनी बिनतापवलेल्या हरितगृहांत भर हिवाळ्यात भाजी काढून दाखवली. त्यांचा आडाखा साधा आहे : दिवस दहा तासांच्या खाली गेला की भाजीची वाढ जवळपास थांबते. या काळाला त्यांनी ग्रीक पुराणात पाताळात जाणाऱ्या पर्सेफनीचं नाव दिलं आहे. आपल्या पंचांगाच्या हिशेबात दहा तास म्हणजे बरोबर पंचवीस घटिका. टोरोंटो आणि मेनच्या अक्षांशावर हा काळ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतो. म्हणजे हिवाळ्यात भाजी वाढवायची नसते; ती आधीच वाढवून वाफ्यात उभी ठेवायची असते. वाफा हे कोठार समजा. पालक ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरला, तर दिवस आखडण्याआधी पानं बऱ्यापैकी भरतात आणि मग बाहेरची पानं खुडत हिवाळा निघतो. तोच पालक ऑक्टोबरअखेर पेरला तर दोन पानांवर अडकून बसतो. दोष थंडीला दिला जातो, चूक तारखेची असते.

उभी भाजी गोठून मरत कशी नाही? पानातलं पाणी गोठू लागतं ते आधी पेशींच्या बाहेर. पेशीतलं पाणी त्या बर्फाकडे ओढलं जातं, आत राहिलेला रस घट्ट होतो आणि सहजी गोठत नाही. थंडीला हळूहळू सरावलेला पालक, गाजर, कोबी पेशींत साखरही साठवतात, म्हणून थंडी खाल्लेलं गाजर गोड लागतं. सकाळी काचेसारखं कडक झालेलं पालकाचं पान दुपारी सैल पडतं आणि थोड्या वेळाने पुन्हा ताठ होतं. ते खुडायचं या अवस्थेत, सकाळी नव्हे. गोठलेलं पान हाताळलं की काळं पडून चिखल होतो. पांघरुणाचं काम इथं सुरू होतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा हवामान केंद्राचा पारा बहुधा शून्याच्या बराच वर असतो. निरभ्र रात्री गवताचं पातं आपली उष्णता आकाशाला देऊन भोवतालच्या हवेपेक्षा गार होतं. तारेच्या कमानींवर पांढरं कापड घातलं, की ही गळती अडते आणि जमिनीची ऊब आत राहते. आपले कलिंगडवाले किडींसाठी आणि थंडीसाठी जे क्रॉप कव्हर वापरतात तेच हे. त्यावर प्लॅस्टिकचं हरितगृह असलं तर दुहेरी पांघरूण झालं, आणि कोलमन यांची सारी पद्धत एवढ्यावर उभी आहे.

आता या म्हणण्याची कसोटी लेहला घेऊ. उंची साडेतीन हजार मीटर, हिवाळ्यातल्या रात्री उणे वीसपर्यंत जाणाऱ्या. थंडी हाच खरा अडथळा असता तर तिथे हिवाळी भाजीचा विचारही करू नये. पण लेह चौतीस अक्षांशावर आहे. दहा तासांखालचे दिवस तिथे महिनाभराहून फार जास्त नाहीत, आणि आकाश कोरडं, स्वच्छ. म्हणून तिथली सौर हरितगृहं चालतात. रचना अशी की लांबी पूर्व-पश्चिम, दक्षिणेला प्लॅस्टिकचा कागद, उत्तरेला कच्च्या विटांची जाड भिंत आणि तिच्या पोकळीत पेंढा किंवा भुसा. भिंत दिवसा ऊन पिते आणि रात्री सोडते. जळण शून्य, तरी आत पालक आणि कोथिंबीर तगते. लंडनचा हिवाळा लेहपेक्षा कितीतरी सौम्य, पण हीच भिंत तिथे बांधली तर तिने प्यावं असं ऊनच नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला : दिवे लावा. लावता येतात, पण एका चौरस मीटरमधल्या पालेभाजीला पुरेसा उजेड द्यायला चांगल्या एलईडींनाही रोज दीडेक युनिट वीज लागते. तीन महिन्यांत सव्वाशेच्या वर युनिटं जाळून मिळणार मेथीच्या काही जुड्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये टोमॅटो-मिरचीची रोपं करायला दिवे उत्तम. भाजी पिकवायला नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा : मार्चमध्ये दिवस बारा तासांचा होतो, तरी टोरोंटोत उघड्यावर काही वाढत नाही. खरं आहे. उजेड आधी परततो, मातीची ऊब मागून येते. म्हणून पांघरुणाचा खरा नफा डिसेंबरात नसून मार्चमध्ये आहे. परदेशातले आपले हौशी लोक नेमके तेव्हा ते गुंडाळून ठेवतात. तिसरा आक्षेप भेंडी-पडवळाचा. त्यांना रात्रसुद्धा उबदार लागते. त्यांचा हट्ट जुलै-ऑगस्टपुरताच करावा. मेथी, पालक, मुळा, शेपू, चाकवत ही आपली रब्बीची मंडळी, आणि थंड देशाचा वसंत आणि शरद त्यांना चांगलाच मानवतो.

फळझाडांतही 'किती' पेक्षा 'केव्हा' महत्त्वाचं. झोपेतला सफरचंदाचा डोळा उणे वीस सहज सोसतो, किंबहुना फुलण्यासाठी त्याला शेकडो तास थंडी लागतेच. तोच डोळा फुलला की उणे दोनलाही दगावू लागतो. जर्दाळू आणखी घाईचा. दक्षिणेच्या उबदार भिंतीशी लावला तर तो आधी फुलतो आणि आधी मार खातो. थंड हवा जड असते, ती खोलगट जागी साचते. झाड तिथेही नको.

तुमच्या गावचा दिवस कोणत्या तारखेला दहा तासांखाली जातो आणि कधी वर येतो, एवढं आठवडाभरात काढून ठेवा. पंचांग आपल्या गावाचं नसेल तर मोबाइलवर सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा मिळतात. पुढच्या लेखात त्या तारखेपासून उलटं मोजत पेरणीचं वेळापत्रक मांडू.