एक वाडगा चहा, ७२० चित्रं

घरच्या घरी ॲनिमेशनचा धंदा सुरू करताय आणि पहिला नमुना म्हणून जपानी चहाविधीवर मिनिटभराची फिल्म डोक्यात आहे? मग आधी हिशोब मांडा. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी मिनिटाला ७२० चित्रं. दिवसाला २० काढलीत तर ३६ दिवस गेले, रंग आणि आवाज बाकीच!

पण विषय तुमच्या बाजूने आहे बरं का. चानोयू, म्हणजे हा चहाविधी, यात घाई नाहीच. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यूने त्याला साधेपणाचं वळण दिलं: लहान खोली, मोजकी भांडी. पाहुणा शांत बसलाय, लोखंडी किटलीत पाणी सूं करतंय. तिथे एकच चित्र चार सेकंद धरा. ४८ च्या जागी एक! पाण्याच्या आवाजात मात्र काटकसर नको, चित्र थांबलं की फिल्म तोच चालवतो.

वाचलेली मेहनत घुसळण्यावर घाला. चासेन ही बांबूच्या एकाच तुकड्यातून चिरून केलेली रवी. ती मनगटाने भराभर पुढे-मागे चालते. ताकाच्या रवीसारखी गरगर फिरवलीत तर जाणकार तिथेच फिल्म बंद करेल. पाहुणाही वाडगा थोडा फिरवून, त्याची दर्शनी बाजू टाळून पितो. गिऱ्हाईक चहा विकणारं असेल तर नेमकं हेच बघणार.

दर मिनिटावर सांगू नका. स्टोरीबोर्डवरून हलती चित्रं मोजा, मग आकडा बोला. नंतर गिऱ्हाईकाने आणखी एक पाहुणा वाढवला, तर त्याचे पैसे वेगळे, हे आधीच लिहून घ्या.