सॅलड ड्रेसिंग

सॅलड ड्रेसिंग हे सॅलडमधील पाने, भाज्या किंवा उकडलेली कडधान्ये यांवर घालण्याचे, प्रामुख्याने तेल आणि एखादा आंबट द्रव यांचे मिश्रण होय. त्याचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. तेल व व्हिनेगर यांपासून केलेले पातळ ड्रेसिंग व्हिनेग्रेट या फ्रेंच नावाने ओळखले जाते, तर मेयोनीज, ताक, दही किंवा आंबवलेली साय यांच्या आधाराने दाट ड्रेसिंग तयार होते. युरोपातील घरांत ते जेवणापूर्वी ताजे करण्याची रीत जुनी आहे. बाटलीत भरून किराणा दुकानात विकल्या जाणाऱ्या ड्रेसिंगचा प्रसार मात्र मुख्यतः विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून झाला. दोन्हींतील मूळ पदार्थ सारखेच असतात. परंतु घरगुती ड्रेसिंगला एका जेवणापुरते टिकावे लागते आणि बाटलीतल्या ड्रेसिंगला कारखान्यापासून ताटापर्यंत कित्येक महिने. घटक, चव, पोषण आणि सुरक्षितता यांतील बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात.

रचना

व्हिनेगर हे बहुतांशी पाणी असते आणि तेल पाण्यात विरघळत नाही. दोन्ही जोराने ढवळल्यास तेलाचे बारीक थेंब व्हिनेगरमध्ये विखुरतात व काही काळ एकजीव भासणारे मिश्रण तयार होते. अशा मिश्रणाला पायस किंवा इमल्शन म्हणतात. नुसत्या तेल-व्हिनेगरचे पायस काही मिनिटांतच फुटते आणि तेल वर तरंगू लागते. वाटलेली मोहरी घातल्यास ते अधिक वेळ टिकते, कारण मोहरीच्या सालातील चिकट द्रव्य थेंबांना एकत्र येऊ देत नाही. अंड्याच्या पिवळ्या बलकातील लेसिथिन व प्रथिने हेच काम अधिक चांगले करतात. त्यामुळे मेयोनीजमध्ये तेलाचे प्रमाण पाण्याच्या कितीतरी पट असूनही ते घट्ट व स्थिर राहते.

व्हिनेग्रेटसाठी तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर हे प्रमाण रूढ आहे. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून ते आधी व्हिनेगरमध्ये विरघळवून मग तेल घालतात. इंग्रज लेखक जॉन एव्हलिन याने १६९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ‍ॅसेटारिया’ या सॅलडविषयक ग्रंथात तेल, व्हिनेगर, मीठ, मोहरी आणि उकडलेल्या अंड्याचा बलक यांच्या ड्रेसिंगचे वर्णन आढळते. आजच्या घरगुती कृती त्याहून फारशा निराळ्या नाहीत.

ड्रेसिंग नेहमी आयत्या वेळी घालतात. तेल पानावरील मेणचट आवरण भेदून आत शिरते आणि पाने मलूल होतात, तर मीठ भाजीतील पाणी बाहेर ओढते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ वाढण्याच्या वेळी घालण्याची महाराष्ट्रातील पद्धतही याच कारणाने पडली आहे. कोशिंबिरीतील दाण्याचे कूट चवीबरोबर सुटलेले पाणी शोषण्याचेही काम करते.

घरातून बाटलीत

बाटलीबंद ड्रेसिंगांपैकी अनेकांची सुरुवात कारखान्यात नव्हे, तर एखाद्या घरात किंवा छोट्या खानावळीत झाली. रिचर्ड हेलमन हा न्यूयॉर्कमधील दुकानदार १९१२ पासून आपल्या दुकानातील मेयोनीज काचेच्या बरण्यांत विकू लागला. सीझर सॅलडची निर्मिती १९२४ मध्ये मेक्सिकोतील तिहुआना येथे सीझर कार्डिनी याच्या उपाहारगृहात झाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे कार्डिनी कुटुंबाने त्याचे ड्रेसिंग बाटलीत भरून विकले. अभिनेता पॉल न्यूमन आणि लेखक ए. ई. हॉचनर घरी केलेले तेल-व्हिनेगरचे ड्रेसिंग जुन्या बाटल्यांत भरून नाताळात मित्रांना भेट देत असत. त्यातूनच १९८२ मध्ये ‘न्यूमन्स ओन’ ही नफा दानधर्मासाठी देणारी कंपनी निघाली.

या संक्रमणातील अडचण रँच ड्रेसिंगच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते. स्टीव्ह हेन्सन हा अलास्कात नळजोडणीची कंत्राटे घेत असताना कामगारांसाठी स्वयंपाकही करीत असे. तेथे त्याने ताक, मेयोनीज, लसूण, कांदा आणि सुगंधी पाने यांचे ड्रेसिंग बसवले. १९५४ मध्ये त्याने व त्याच्या पत्नीने कॅलिफोर्नियातील सांता बार्बराजवळ एक कुरण विकत घेऊन त्यास ‘हिडन व्हॅली’ हे नाव दिले. तेथे उतरणारे पाहुणे ड्रेसिंग घरी नेण्यासाठी मागू लागले. परंतु ताक असलेले मिश्रण टिकत नसे. हेन्सनने यावर सोपा उपाय काढला. केवळ सुका मसाला पुडीत भरून टपालाने पाठवायचा आणि ताक व मेयोनीज ग्राहकाने आपल्या घरी मिसळायचे. ही पुडी घरगुती आणि तयार या दोन्हींच्या मधली पायरी होती. १९७२ मध्ये क्लोरॉक्स या कंपनीने हा व्यवसाय ८० लाख डॉलरला विकत घेतला. न उघडता फ्रिजबाहेर टिकणारे बाटलीबंद रँच बाजारात आले ते १९८३ मध्ये, म्हणजे आणखी ११ वर्षांनी.

बाटलीतील घटक

बाटलीच्या लेबलवर तेल, पाणी, व्हिनेगर आणि मीठ यांखेरीज जी नावे असतात, त्यांतील प्रत्येकाचे काम ठरलेले असते. झँथन गम हा जिवाणूंच्या साहाय्याने साखर आंबवून मिळवलेला घट्टकारक पायस फुटू देत नाही आणि मसाल्याचे कण तळाशी बसू देत नाही. त्याचा शोध अमेरिकेच्या कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलिन जीन्स आणि सहकाऱ्यांनी लावला. पोटॅशियम सॉर्बेट व सोडियम बेंझोएट हे परिरक्षक बुरशी व यीस्ट रोखतात. ईडीटीए हे द्रव्य धातूंचे सूक्ष्म अंश बांधून ठेवते, त्यामुळे तेलाचे ऑक्सिडीकरण लांबते आणि ते लवकर खवट होत नाही. भारतातील वेष्टनांवर ही द्रव्ये अनुक्रमे ४१५, २०२, २११ आणि ३८५ या क्रमांकांनीही दर्शवलेली असतात. बाटलीत ऑलिव्ह तेलाऐवजी बहुधा सोयाबीन किंवा कनोला तेल असते. ते स्वस्त पडते आणि फ्रिजमध्ये गोठत नाही. घरच्या ऑलिव्ह तेलाच्या व्हिनेग्रेटचा फ्रिजमध्ये गोळा होतो, तो बिघडल्यामुळे नव्हे; बाहेर काढून ठेवल्यास ते पुन्हा पातळ होते.

नावांची मानके

अमेरिकी नियमांनुसार मेयोनीज म्हणवण्यासाठी पदार्थात वजनाने किमान ६५ टक्के वनस्पती तेल लागते. ‘सॅलड ड्रेसिंग’ याच नावाने विकल्या जाणाऱ्या, शिजवलेल्या पिठाने दाट केलेल्या पदार्थाला मात्र ३० टक्के पुरते. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात क्राफ्ट कंपनीने आणलेले ‘मिरॅकल व्हिप’ याच वर्गातील असून आर्थिक मंदीच्या काळात ते मेयोनीजचा स्वस्त पर्याय ठरले. फ्रेंच ड्रेसिंगसाठी १९५० पासून किमान ३५ टक्के तेलाची अट होती. उत्पादकांच्या संघटनेने १९९८ मध्ये ती रद्द करण्याची मागणी केली आणि अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने ती २०२२ मध्ये मान्य केली. अमेरिकेतील हे गोडसर, नारिंगी ड्रेसिंग फ्रान्समधील घरांत ओळखले जाणारही नाही.

पोषण

घरचे ड्रेसिंग हलके आणि बाजारचे जड, ही समजूत उष्मांकांच्या बाबतीत टिकत नाही. एक मोठा चमचा तेल सुमारे १२० किलोकॅलरी देते. म्हणजे रूढ प्रमाणातील व्हिनेग्रेटच्या दोन मोठ्या चमच्यांतून सुमारे १८० किलोकॅलरी मिळतात. बाटलीतील अनेक ड्रेसिंगांत पाणी अधिक असल्याने हा आकडा त्याहून कमी भरतो. तेल कमी केल्यावर गेलेली चव मात्र मीठ व साखर वाढवून भरून काढली जाते आणि खरा फरक तेथे पडतो. दोन मोठ्या चमच्यांत २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सोडियम असणे बाटलीबंद ड्रेसिंगमध्ये नित्याचे आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे. घरी मिठाचे प्रमाण करणाऱ्याच्या हातात असते.

तेल पूर्णपणे काढून टाकणेही हिताचे नाही. भाज्यांतील कॅरोटिनॉइडे स्निग्ध पदार्थांबरोबरच नीट शोषली जातात. आयोवा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सात व्यक्तींवरील छोट्या प्रयोगात चरबीरहित ड्रेसिंग घातलेल्या सॅलडमधून कॅरोटिनॉइडे जवळजवळ शोषली गेली नाहीत, असे आढळले.

सुरक्षितता

घरगुती ड्रेसिंग ताजे खाल्ल्यास त्यात धोका थोडा असतो. धोका वाढतो तो ते बाटलीप्रमाणे साठवून ठेवल्यावर. लसूण जमिनीत वाढत असल्याने तिच्यावर बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तेलाखाली त्यांना हवाविरहित जागा मिळते. सामू ४.६ पेक्षा कमी असल्यास हा जिवाणू वाढत नाही. म्हणजे पुरेसे व्हिनेगर असलेले ड्रेसिंग त्याला मानवत नाही, पण नुसत्या तेलात बुडवलेली लसूण मानवते. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे एका उपाहारगृहात फ्रिजबाहेर ठेवलेल्या लसूण-तेलामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला. न्यूयॉर्क राज्यातील अशाच आणखी एका घटनेनंतर, १९८९ मध्ये, अमेरिकेत अशा व्यावसायिक उत्पादनांत आम्ल किंवा तत्सम रोधक घालणे बंधनकारक झाले. घरी केलेले लसूण-तेल फ्रिजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे, असा सल्ला दिला जातो. त्याच्या वासात वा रंगात बिघाड दिसेलच असे नाही.

दुसरा धोका कच्च्या अंड्यातील साल्मोनेला जिवाणूंचा आहे. मोठे उत्पादक पाश्चरीकृत अंडे वापरतात. हाताने केलेल्या मेयोनीजमध्ये ते बहुधा नसते. भारतात हा प्रश्न घरांपेक्षा मोमो, शोरमा आणि भाजलेल्या कोंबडीबरोबर मेयोनीज देणाऱ्या विक्रेत्यांच्या संदर्भात पुढे आला. केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये प्रत्येकी एका वर्षासाठी तशीच बंदी जाहीर केली. भारतीय दुकानांत सर्वत्र दिसणारे, हिरवे शाकाहारी चिन्ह असलेले बिनअंड्याचे मेयोनीज या बंदीत येत नाही. त्यात बलकाची जागा दुधाची किंवा सोयाबीनची प्रथिने, स्टार्च आणि झँथन गम घेतात. महाराष्ट्रातील शहरांत ते सॅलडपेक्षा सँडविच आणि फ्रँकीमध्येच अधिक खपते.