सुताचा टोप

मराठी रंगभूमीचा आरंभ 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांच्या सीतास्वयंवराने झाला असे मानण्याचा प्रघात आहे, आणि देव, दैत्य नि ऋषी यांच्या त्या मेळ्यापासून सोंगाच्या डोक्यावर काय चढवावे ही विवंचना नाटकवाल्यांच्या मागे लागली ती लागलीच. पुढे 1905 साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले, तेव्हा पुरुषांनी स्त्रीभूमिका कराव्यात हा दस्तूर पुरता रुळलेला होता. पण मंडळ्यांची गोष्ट निराळी. शाळेच्या स्नेहसंमेलनात वाल्मीकी व्हायला निघालेल्या पोराच्या आईला घरात सापडेल त्या जिनसांतूनच टोपाची तजवीज करावी लागते.

भिवंडीत मात्र ही तजवीज अन्य गावांहून सोपी आहे. उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेल्या मोमीन विणकरांचे आणि तेलंगणाकडच्या पद्मशाली कामगारांचे हे ठाणे जिल्ह्यातले गाव यंत्रमागावर जगते. आणि मागावरचे बीम संपत आले, नव्या बीमचे दोरे जुन्यांस गाठवून पुढे ओढले, की मध्येच तुटक लांबीचे, एकमेकांस समांतर पडलेले सुताचे झुबके उरतात. विणकरांच्या लेखी ती निव्वळ रद्दी. टोप करणाऱ्याला मात्र बाजारातल्या लोकरीपेक्षा ती शतपट मोलाची, कारण लोकरीचा एक धागा दहा केसांइतका जाड असतो आणि म्हणून तिचा टोप कितीही निगुतीने केला तरी बाहुलीच्या डोक्यासारखाच दिसतो.

मात्र या सुतास खळ लावलेली असते. ती काढायची तर झुबक्याची दोन्ही टोके घट्ट बांधून तो गरम पाण्यात बुडवावा. बांधल्यावाचून बुडवला तर बाहेर निघतो तो केसांचा नव्हे, गुंत्याचा गोळा. भिवंडीचे सुती कापड बहुधा कोरेच विणले जाते, त्यामुळे सुताचा रंग मुळातच पिवळसर पांढरा. ऋषी, म्हातारी, संन्यासी यांना रंगवण्याचीही गरज नाही. जटा हव्या असतील तर सुतळी उकलून घ्यावी. तिचा पीळ सुटला तरी वळसे जात नाहीत, आणि चहाच्या पाण्यात घातली की धुळकट तपस्व्याची छटा आपसूक येते.

जुन्या बनियनच्या कापडाची डोक्यास बसणारी टोपी शिवून, अरुंद पट्टीवर सूत मध्यावर दुमडून यंत्राने टाचावे, आणि त्या पट्ट्या मानेकडून वर, कौले शाकारतात तशा, खालचीवर वरची चढवीत लावाव्यात. वरून आरंभ केला तर प्रत्येक शिवण उघडी पडते. माणसाच्या डोक्यावर सुमारे लाखभर केस असतात. अर्ध्या मीटरच्या पट्टीवर सेंटिमीटरला दहा दोरे बसवले तरी दुमडून हजारच टोके होतात. अशा वीस पट्ट्या झाल्या तरी खऱ्या केशसंभाराचा पाचवा हिस्साच हाती येतो, आणि ही तूट केसांनी नव्हे, भांगाने भरून काढायची असते. भांगाची पट्टी त्वचेच्या रंगाच्या कापडाची, सगळ्यांत शेवटी लावलेली आणि सूत दोन्ही बाजूंस दाबून बसवलेली असली, की चौथ्या रांगेतला प्रेक्षक बाकीच्या डोक्याची चौकशी करीत नाही. कपाळाची कड तेवढी बटांनी, गजऱ्याने किंवा भस्माच्या पट्ट्यांनी झाकावी. तिथली शिवण लपवण्याचा दुसरा उपाय मला तरी ठाऊक नाही.

गावात पॉलिएस्टरचे चकचकीत सूतही मुबलक मिळते. ते काळे, लांब, मऊ, आणि म्हणूनच मोहात पाडणारे; परंतु दिव्याच्या झोतात ते केसांहून अधिक चमकते आणि इस्त्री लागली तर वितळते. ज्या प्रवेशात आरती, होम किंवा समई आहे तिथे ते पोराच्या डोक्यावर मुळीच चढवू नये. सुती दोराही पेटतो, हे विसरू नये. म्हणून यज्ञकुंडात लाल कागद आणि खाली विजेचा दिवा एवढ्यावरच विश्वामित्राने भागवावे.