‘डर्थ’ : टंचाईवाचक एका इंग्रजी शब्दाचा अर्थविचार

‘डर्थ’ या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे असा प्रश्न केला, तर कोणी दुष्काळ म्हणेल, कोणी टंचाई म्हणेल, कोणी उणीव किंवा अभाव म्हणून मोकळा होईल. यांपैकी एकही प्रतिशब्द सर्वस्वी चुकीचा नाही आणि एकही पुरेसा नाही. शब्द एकच असला, तरी त्याच्या पोटात निरनिराळ्या काळांतले निरनिराळे अर्थ साठलेले असतात; प्रतिशब्द देणारा त्यांपैकी एकच उचलतो आणि बाकीचे मागे राहून जातात. ‘डर्थ’च्या बाबतीत मागे राहणारा अर्थ हाच त्या शब्दाचा गाभा आहे, हे या लेखात दाखवावे असा आमचा हेतू आहे.

हा विचार आम्ही बेळगाव-निपाणीच्या भूमीवरून करीत आहोत, यालाही कारण आहे. येथील माणसाच्या घरात मराठी, कचेरीत कानडी आणि वरच्या न्यायालयांत व महाविद्यालयांत इंग्रजी अशी तीन भाषांची वस्ती आहे. पाऊस गेला, धान्य महागले, विहिरी आटल्या, की एकाच आपत्तीची तीन नावे त्याच्या कानांवर पडतात. ती तीन नावे एकाच गोष्टीकडे बोट दाखवितात काय, हा प्रश्न त्याला केवळ कोशापुरता नसतो. कोणत्या नावाने आपत्तीची नोंद होते, यावर शेतसारा, वीजबिल, परीक्षाशुल्क इत्यादींच्या सवलती अवलंबून असतात.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. इंग्रजीत ‘डिअर’ हे विशेषण आहे. पत्राच्या आरंभी ते आपणांस नित्य भेटते व तेथे त्याचा अर्थ ‘प्रिय’ असा होतो. परंतु बाजारात त्याच शब्दाचा अर्थ ‘महाग’ असा आहे. हे दोन अर्थ परस्परांपासून दूर नाहीत. जे मोलाचे, ते प्रिय आणि जे मोलाचे, तेच महाग. मराठीतील ‘मोलाचा’ हा शब्दही या दोन्ही अंगांनी चालतो. या विशेषणाला भाववाचक प्रत्यय लागून ‘डर्थ’ हे नाम सिद्ध झाले. ‘वॉर्म’पासून ‘वॉर्म्थ’, ‘ट्रू’पासून ‘ट्रूथ’, ‘डीप’पासून ‘डेप्थ’ ही त्याच घडणीची रूपे होत. म्हणजे ‘डर्थ’ या शब्दाचा मूळ, अवयवसिद्ध अर्थ ‘महागपणा’ एवढाच आहे. मराठीत बोलावयाचे तर तो ‘महर्गता’ होय.

तेराव्या शतकातील इंग्रजीत हा शब्द आढळू लागतो. धान्य दुर्मिळ झाले की त्याचा भाव चढतो. आणि सामान्य माणसाला धान्याची दुर्मिळता प्रथम कळते ती भावावरूनच. कोठारे भरली आहेत की रिकामी, हे त्याला दिसत नाही. दुकानदाराने सांगितलेला दर मात्र त्याला ऐकू येतो. त्यामुळे परिणामाचे नाव कारणाला मिळाले आणि ‘महागपणा’ या अर्थाचा शब्द ‘अन्नधान्याची टंचाई’ या अर्थी रूढ झाला. पुढे धान्याचे बंधनही सुटले आणि कोणत्याही इष्ट वस्तूची कमतरता, मग ती पुस्तकांची असो, पुराव्याची असो वा विनोदबुद्धीची, ‘डर्थ’ या शब्दाने सांगितली जाऊ लागली. मूळचा महागपणाचा अर्थ आज इंग्रजीतून लोपला आहे. शब्दाचे शरीर तेच राहिले. जुना प्राण मात्र निघून गेला.

सोळाव्या-सतराव्या शतकांत हा जुना प्राण जिवंत होता. १५८७ साली एलिझाबेथ राणीच्या शासनाने धान्याच्या ‘डर्थ’वर उपाय म्हणून आज्ञापत्रे काढली. त्यांत गावोगावच्या अधिकाऱ्यांना कोणाकडे किती धान्य साठवलेले आहे ते पाहावे व ते बाजारात आणवावे, असे आदेश होते. धान्य मुळीच नाही, ही समजूत या आज्ञांमागे नव्हती. ते आहे, पण गरिबाच्या हाताला लागत नाही, ही होती. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘डर्थ’ आणि ‘फॅमिन’ हे दोन्ही शब्द योजलेले आहेत.

या दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. ‘फॅमिन’ हा शब्द लॅटिनमधील भूकवाचक शब्दापासून आलेला. तेथे दृष्टी पोटाकडे आहे. ‘स्केअर्सिटी’चे मूळ ‘वेचून काढलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन रूपात असल्याने तेथे दृष्टी उरलेल्या थोडक्या राशीकडे आहे. ‘डर्थ’ची दृष्टी किमतीकडे आहे. ॲडम स्मिथ याने १७७६च्या आपल्या ग्रंथात ‘डर्थ’ व ‘फॅमिन’ यांना मुद्दाम वेगळे केले. नापिकीमुळे ‘डर्थ’ येते. पण तिचे रूपांतर ‘फॅमिन’मध्ये होते ते शासनाने बाजारात बळजबरीने हात घातल्यामुळे, असा त्याचा सिद्धांत होता. या सिद्धांताचा पगडा हिंदुस्थानातील इंग्रज राज्यकर्त्यांवर एवढा होता, की १८७६ ते १८७८च्या घोर दुष्काळातही देशातून धान्याची निर्यात चालू राहिली. त्या दुष्काळाचा तडाखा बेळगाव, धारवाड आणि कलादगी या जिल्ह्यांना कठोरपणे बसला. १८७२च्या खानेसुमारीपेक्षा १८८१च्या खानेसुमारीत या तिन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली दिसते. दोन शब्दांमधील सूक्ष्म भेद राज्यकर्त्यांच्या हाती पडला, की त्याचे केवढे भयंकर मोल द्यावे लागते, याचे हे उदाहरण होय.

आता मराठीकडे वळू. आपल्या भाषेत या अर्थाच्या शब्दांची मुळीच टंचाई नाही. ‘दुष्काळ’ हा शब्द काळाला दोष देतो. त्याचा जोडीदार ‘सुकाळ’. ‘अवर्षण’ हा आभाळाला दोष देतो. ‘दुर्भिक्ष’ हा याहून बोलका आहे. ज्या काळात भिक्षा मिळणे कठीण, तो दुर्भिक्षाचा काळ. उलट तो सुभिक्षाचा. संकट आले की प्रथम दात्याचा हात आखडतो, हे समाजाचे निरीक्षण या शब्दात साठलेले आहे. ‘टंचाई’ आणि ‘तुटवडा’ हे मापाचे शब्द आहेत. गरज एवढी आणि पुरवठा त्याहून थोडा, असे ते सांगतात. ‘चणचण’ बहुधा पैशाची असते. ‘महाग’ हा संस्कृत ‘महार्घ’ या शब्दाचा वंशज होय. ‘अर्घ’ म्हणजे मूल्य. ज्याचे मूल्य मोठे ते महार्घ. घडणीच्या दृष्टीने ‘डर्थ’शी सख्खे नाते सांगणारा मराठी शब्द हाच. परंतु इंग्रजी शब्दाने महागपणाकडून अभावाकडे जो प्रवास केला, तो ‘महागाई’ने केला नाही, ती बाजारातच राहिली. ‘पुस्तकांची महागाई’ म्हटले तर पुस्तके दुर्मिळ आहेत असे कोणी समजणार नाही.

कानडीचा अनुभव यापुढे ठेवून पाहण्यासारखा आहे. कानडीत दुष्काळाला ‘बर’ अथवा ‘बरगाल’ म्हणतात. मराठी कानाला ‘बरे’ म्हणजे चांगले, खुशालीचे. आणि शेजारच्या भाषेत तेच अक्षर अन्नान्न दशेचे! कर्नाटक शासन एखादा तालुका ‘बरपीडित’ म्हणून जाहीर करते तेव्हा नवख्या मराठी वाचकाला तो शब्द कोड्यासारखा वाटतो. सीमाभागातील माणसाला त्यात कोडे उरलेले नाही. १७९१-९२ साली दक्षिण मराठा मुलखावर जो दुष्काळ पडला, तो ‘डोजी बर’ म्हणून इतिहासात नमूद आहे. कवट्यांचा दुष्काळ असा त्या नावाचा अर्थ सांगतात. मृतांची हाडे वाटांवर पांढरी पडून राहिली होती, असे त्याचे वर्णन आहे. पण दोन्ही भाषांमधले सगळेच शब्द असे पाठीला पाठ लावून उभे नाहीत. मराठीतील ‘सुगी’ आणि कानडीतील ‘सुग्गी’ या एकाच खळ्यावरच्या आहेत.

आमच्या विषयाच्या दृष्टीने खरा मोलाचा कानडी शब्द मात्र ‘तुट्टी’ हा आहे. ‘तुट्टी’ म्हणजे महाग. बेळगाव-धारवाडकडील बोलण्यात हा शब्द नित्याचा आहे. म्हैसूरकडे त्याच अर्थी ‘दुबारी’ ऐकू येतो. हा शब्द ऐकताना मराठी माणसाला आपली ‘तूट’ आणि आपला ‘तुटवडा’ आठवल्यावाचून राहत नाही. एका भाषेत महागपणा, दुसरीत कमतरता. नाद मात्र एकच. सरकारी नोकराच्या वेतनात वाढत्या दरांची भरपाई म्हणून जी रक्कम मिळते, तिला इंग्रजीत ‘डिअरनेस अलाउन्स’, मराठीत ‘महागाई भत्ता’ आणि कानडीत ‘तुट्टी भत्ये’ असे म्हणतात. ‘डर्थ’ शब्दातून जो अर्थ निघून गेला, तो त्याच्या या धाकट्या भावाच्या, म्हणजे ‘डिअरनेस’च्या आश्रयाने आपल्या देशातील कचेऱ्यांत आजही नांदतो आहे.

येथवर भाषेचा विचार झाला. आता कायद्याचा पाहू. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर निरनिराळ्या प्रांतांत जी दुष्काळ-संहिता तयार झाली, तिने ‘स्केअर्सिटी’ ही खालची आणि ‘फॅमिन’ ही वरची अशा पायऱ्या ठरविल्या. १९५६ साली भाषावार पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९६३ साली महाराष्ट्राने एक आगळा कायदा केला. राज्यातील सर्व कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकावा व त्याच्या जागी ‘स्केअर्सिटी’ घालावा, एवढेच त्याचे प्रयोजन होते. शासन पिकांवर सतत लक्ष ठेवते व टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजते, तेव्हा ‘फॅमिन’ला वावच उरला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. शब्द कायद्यातून गेला. पण १९७२ साली महाराष्ट्रावर शतकातील एक अत्यंत भीषण अवर्षण कोसळलेच. त्या वेळी लोकांच्या तोंडी ‘दुष्काळ’ हाच शब्द होता. आजही त्या वर्षाला ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात. ‘बहात्तरची टंचाई’ कोणी म्हणत नाही. कायद्याला शब्द खोडता येतो. लोकांच्या जिभेवरून तो पुसता येत नाही.

१९६३चा हा कायदा महाराष्ट्रापुरता होता. त्यामुळे निपाणीहून थोडक्या कोसांवरील कागलला जे नाव लागू झाले, ते निपाणीला झाले नाही. २०२३ साली पाऊस अपुरा पडला तेव्हा हाच प्रकार वेगळ्या रूपाने दिसला. कर्नाटकाने आपले बहुतेक तालुके ‘बरपीडित’ ठरविले; महाराष्ट्राने गडहिंग्लजसह ४० तालुक्यांत ‘दुष्काळ’ जाहीर केला आणि अन्यत्र अनेक महसूल मंडळांसाठी ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असा शब्दप्रयोग केला. ‘सदृश’ हे एक लहानसे उत्तरपद. पण ‘आपण दुष्काळात आहोत की त्याच्यासारख्या कशात तरी’ हा प्रश्न ते शेतकऱ्यापुढे टाकते. ढग सीमा ओळखीत नाहीत. शब्द मात्र ओळखतात.

किमतीचा विचार निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ‘डर्थ’ हा खाणाऱ्याचा, विकत घेणाऱ्याचा शब्द आहे. पिकविणाऱ्याचे दुःख पुष्कळदा याच्या उलट असते. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्ग रोखला, तो तंबाखूची टंचाई होती म्हणून नव्हे. तंबाखू होता, पण त्याला रास्त भाव नव्हता. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने शेतकऱ्यांचे बळी घेतले. पिकाच्या विपुलतेतून येणाऱ्या अशा दैन्याला इंग्रजीत ‘डर्थ’च्या तोडीचा एकेरी शब्द नाही. मराठीतही नाही.

शेवटी प्रतिशब्दांचा निर्णय. इंग्रजी जुने लेखन, आज्ञापत्रे किंवा सतराव्या शतकापर्यंतचे ग्रंथ अनुवादताना ‘डर्थ’साठी ‘महर्गता’ योजावा; ‘दुष्काळ’ योजल्यास मूळ लेखकाने न सांगितलेले मृत्यू आपण त्याच्या पदरी बांधू. अन्नाच्या टंचाईचा स्पष्ट संदर्भ असेल, तेथे ‘दुर्भिक्ष’ शोभतो. ‘दुष्काळ’ हा ‘फॅमिन’साठी, ‘अवर्षण’ हा पाऊस न पडण्यासाठी आणि ‘टंचाई’ हा ‘स्केअर्सिटी’साठी राखून ठेवावा. आणि आजच्या इंग्रजीतील सैल, अलंकारिक ‘डर्थ’साठी मराठीत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘वानवा’. जाणकार शिक्षकांची वानवा, चांगल्या अनुवादकांची वानवा, ही योजना इंग्रजीच्या घडणीशी जुळते आणि मराठी कानालाही परकी वाटत नाही. ‘कशाची वाण नाही’ असे आपल्या घरांत सहज बोलले जाते. तोच हा गोत.

१९८१ सालीच अमर्त्य सेन यांनी आपल्या ग्रंथात दाखवून दिले की उपासमार पुष्कळदा अन्न नसल्यामुळे होत नाही. असलेले अन्न मिळविण्याची ऐपत वा हक्क नसल्यामुळे होते. अर्थशास्त्राने आकडे मांडून काढलेला हा निष्कर्ष मध्ययुगातील इंग्रज खेडुताने एका शब्दात सांगून ठेवला होता आणि बेळगावच्या बाजारात ‘तुट्टी’ म्हणणारा गिऱ्हाईक आजही सांगतो आहे. म्हणून प्रतिशब्द शोधणाऱ्याने कोशाआधी परिस्थितीला एक प्रश्न विचारावा : वस्तू नाही, की वस्तू आहे पण आवाक्यात नाही? या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की शब्द आपोआप सापडतो.